पहिल्या वर्षी रेव्हेन्यू किती?

आज जळगावला एका स्टार्टअप स्पर्धेला परीक्षक म्हणून गेलो होतो आणि डोकं तापवून घरी आलोय. शेवभाजी-भाकर झाली, अंगणात दोन चकरा झाल्या, तरी राग जाईना म्हणून लिहायला बसलो. लांब पोस्टचा कंटाळा असेल त्यांनी लाईक ठोकून पुढे जावं, मला वाईट वाटणार नाही.

पोरापोरींचे तीसेक स्टॉल. उद्घाटन दीड तास, त्यात टोपी-टॉवेल-नारळ चौदा जणांना (मलापण, घेतला, खोटं कशाला बोलू). एका कोपऱ्यात एम.एस्सी.ची एक मुलगी उभी होती. टेबलावर ना एलईडी, ना थर्माकोलचं मॉडेल, नुसती बोटभर पट्टी. केळीवरच्या सीएमव्हीची, आपल्याकडे हरण्या म्हणतात त्या रोगाची टेस्ट. पान चुरडायचं, रसाचे दोन थेंब पट्टीवर टाकायचे, दहा मिनिटांत रेघ उमटते. कोविडची घरगुती टेस्ट असायची ना, तस्संच.

ज्यांच्या घरी केळी आहे त्यांना हे काय आहे ते सांगायला नको. पानावर पिवळे पट्टे दिसेपर्यंत मावा, म्हणजे हा रोग पसरवणारी बारीक कीड, शेजारच्या झाडांवर फिरून आलेला असतो, व्हायरसवर औषध नाही, झाड उपटा आणि नष्ट करा एवढाच इलाज. पंधरा-सोळा रुपयांचं रोप, एकरी दीडेक हजार रोपं, वर ड्रिप, खत, मजुरी. रोप ट्रेमध्ये असतानाच कळलं तर?

माझ्या शेजारचे परीक्षक साहेब, जॅकेटवाले, त्यांनी तिला एकच प्रश्न विचारला. "बेटा, पहिल्या वर्षी रेव्हेन्यू किती?"

ती म्हणाली, सर अजून ६० झाडांवरच करून बघितलंय, त्यात ७ ठिकाणी रिझल्ट चुकला, का चुकला ते शोधतेय. अख्ख्या हॉलमध्ये दिवसभरात "चुकला" हा शब्द बोललेली ती एकटी. साहेबांनी दहापैकी तीन दिले. मी नऊ दिले, काय उपयोग. पहिलं बक्षीस वरणबट्टी घरपोच देणाऱ्या ॲपला. बरं, वरणबट्टी घरपोच आली तर मीही मागवीन, पोरगा मेहनती आहे, त्याच्यावर राग नाही. पण बॅनरवर मोठ्या अक्षरात काय लिहिलंय, "संशोधनातून उद्योजकतेकडे". यात संशोधन कुठंय भाऊ, बट्टीत?

आता माझं का जळतं ते सांगतो. माझ्या जुन्या मित्रांना माहितीये, त्यांनी परत ऐकावं.

माझी पीएचडी केळीच्या खांबावर. घड कापला की खांब बांधावर पडतो, काढायला उलट मजुरी द्यावी लागते. त्यातलं सेल्युलोज काढून मी एक पातळ कापडासारखी फिल्म बनवली होती. घडाला स्कर्टिंग बॅग घालतात ना, ती प्लास्टिकची असते आणि कापणीनंतर वाऱ्याने उडून बाभळीवर लटकते, तिच्याऐवजी ही. व्हायव्हाला नाना, म्हणजे माझे वडील, आले होते, धोतर-टोपीत, पहिल्या रांगेत. बाहेरचे परीक्षक क्रिस्टलिनिटी विचारून गेले, ग्राफवरच्या एका शिखराबद्दल वीस मिनिटं चर्चा झाली. सगळं झाल्यावर चहा पिताना नाना म्हणाले, "मंग हे पिशव्या कुठी भेटतीन रे? मले दोन हजार पाह्यजे."

सगळे हसले. माझे गाईड सर हसले, मी पण हसलो. आज पंधरा वर्षं होत आली, ते हसणं मला अजून टोचतं.

आणि नाना तिथंच थांबले नाहीत. मी मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं की फिल्म मातीत चाळीस दिवसांत कुजते. तर म्हणाले, "घड तं निसवल्यावर शंभर दिवस झाडावर राह्यतो. चाळीस दिवसात सडली तं मंग?" (निसवणं म्हणजे झाडातून घड बाहेर पडणं.) माझ्या दोनशे पानांच्या प्रबंधात याचं उत्तर नव्हतं. दोघा रेफ्रींनी विचारलं नाही, सरांनी नाही, मला स्वतःला सुचलं नाही, आणि मी केळीवाल्याचा पोरगा!

म्हणजे माझी पिशवी तयार नव्हतीच, हे मान्य. पण तिला तयार करणं हे कुणाचं काम होतं? माझी डिग्री झाली, सरांचे दोन पेपर झाले, खात्याचा अहवाल गेला, फाईल बंद. नंतरचं काम म्हणजे पाचशे घडांवर एक आख्खा हंगाम, मग पावसाळ्यात एक, कोटिंग बदलून परत एक, आणि फिल्म ओढायचं मशीन. त्यात एकही पेपर निघत नाही आणि एक रुपयाचा रेव्हेन्यू पण नाही. प्राध्यापक म्हणतो हे कंपनीचं काम, कंपनी म्हणते आधी चालून दाखव. मधल्या रस्त्यावर कोणी उभंच नाही, आणि आपण स्पर्धा घेतो, फ्लेक्स लावतो, पुठ्ठ्याचा मोठा चेक देतो. तुमच्या त्या टोपी-टॉवेलच्या पैशात तिचे ६० ऐवजी ६०० झाडांचे रिझल्ट आले असते राव!

कोणीतरी कमेंटमध्ये लिहीलच म्हणून आधीच लिहितो, योजना आहेत. बायरॅक म्हणून केंद्र सरकारची बायोटेकवाली संस्था आहे, तिची बिग नावाची ग्रँट आहे, ५० लाखांपर्यंत, १८ महिन्यांसाठी, अगदी अशाच मधल्या टप्प्याला. पुण्यात एनसीएलच्या, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात नव्या कंपन्यांना हात देणारं व्हेंचर सेंटर आहे, चांगलं काम आहे त्यांचं. मद्रास आयआयटीतनं एथरसारखी इलेक्ट्रिक स्कूटरची कंपनी निघाली. सगळं खरं. पण यावल-रावेरच्या पोरीला हे सांगणार कोण? आणि केळीचं पीक काही १८ महिने बघून निसवत नाही.

दुसरी गोष्ट, आणि हिच्यात चूक माझीच. आम्ही पेपर आधी छापला. पेटंट वगैरे नंतर बघू म्हणालो. नंतर एका ओळखीच्या वकिलाने सांगितलं की छापलं म्हणजे जगाला सांगितलं, आता ते नवीन राहिलं नाही, आपल्याकडे काही ठरावीक अपवाद सोडले तर माफी नाही. संपलं. आणि हे फक्त आमच्यासारख्या गावठ्यांचं होतं असं समजू नका. जीन जोडायचं तंत्र काढणारे अमेरिकेतले शास्त्रज्ञ कोहेन आणि बॉयर, त्यांचा पेपर १९७३ च्या नोव्हेंबरमध्ये आला, स्टॅनफर्ड विद्यापीठाने पेटंटचा अर्ज टाकला १९७४ च्या नोव्हेंबरमध्ये, अमेरिकेतली छापल्यानंतरची एक वर्षाची सवलत संपायला आठवडा उरला असताना. अमेरिकेत वाचलं, बाहेरच्या देशांतले हक्क गेले ते गेलेच. तरी त्या अर्जातून निघालेल्या पेटंटांनी विद्यापीठांना २५ कोटी डॉलरच्या वर मिळवून दिले, बॉयरने १९७६ ला जेनेंटेक कंपनी काढली आणि तिथल्या बॅक्टेरियातलं इन्सुलिन १९८२ ला बाजारात आलं. आमच्या नानांना शुगर आहे, रोज सकाळी ते इन्सुलिनचं पेन पोटाला लावतात तेव्हा मला हे आठवतं. नाना म्हणतात काय बघतो रे. मी म्हणतो काही नाही.

सरांना दोष नाही देत मी. त्यांचं प्रमोशन पेपरवर होतं, पेटंट करा म्हणून त्यांनाही कोणी सांगितलं नव्हतं, माणूस देव होता, माझी फी एकदा स्वतः भरली त्यांनी. आणि प्रत्येक संशोधनाची कंपनी झालीच पाहिजे असंही नाही, ताऱ्यांवर काम करणाऱ्याला रेव्हेन्यू विचारणारा माणूस मला भेटला तर मी त्याच्याशी भांडेन. आणि मी तरी काय दिवे लावले? ज्युनियर कॉलेजला नोकरी लागली, लग्न, घराचा हप्ता. फिल्मचा शेवटचा तुकडा प्रबंधात घडी घालून ठेवलाय, कपाटावर. मागच्या दिवाळीत साफसफाईत काढला तर अजून शाबूत. कोरड्या कपाटात पंधरा वर्षं टिकली की!

निघताना त्या मुलीला गाठलं. विचारलं, हे कुठे छापलंय का. म्हणाली नाही सर, पण पेपर लिहून तयार आहे, आमचे सर सोमवारी पाठवणार आहेत. तिथंच पार्किंगमध्ये उभं करून तिला सगळं सांगितलं. पेटंटचा प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज आधी टाकायचा, मग १२ महिन्यांत पूर्ण अर्ज द्यायचा, पेपर चार दिवस उशिरा गेला तर आभाळ कोसळत नाही. ती मान डोलवत होती आणि बसस्टँडकडे बघत होती, शेवटची गाडी साडेसातची होती. शेवटी म्हणाली, "सर, पण हे तुम्हीच आमच्या सरांना सांगाल का? मी सांगितलं तर त्यांना वाटेल मी शिकवतेय."

नंबर घेतलाय. आज शनिवार, रात्रीचे साडेदहा. एवढ्या रात्री अनोळखी माणसाला फोन करणं बरं दिसत नाही. उद्या सकाळी करतो. फक्त त्यांनी हौसेने आजच पाठवून टाकलेला नसावा. पेटंटचं काम करणारा, नाशिक-जळगावकडचा, बोललेल्या फीमध्ये काम करणारा कोणी ओळखीचा असेल तर मला आत्ताच इनबॉक्स करा. बाकी भांडण कमेंटमध्ये.