खुलासा : 'छोट्या इमारतीला पर्यावरणाचे नियम नाहीत' हे अर्धसत्य

ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : '२०,००० चौ.मी.पेक्षा लहान बांधकामाला पर्यावरणाचा कुठलाच नियम लागू नाही.' आकडा बरोबर, निष्कर्ष चूक. केंद्राच्या २००६च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन (ईआयए) अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी साधारणपणे २०,००० चौ.मी. बांधीव क्षेत्रापासून लागते, इतकंच. झाड तोडायचं तर राज्याच्या १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी हवीच, मग इमारत चार मजली का असेना. खाडीकाठी सीआरझेड, म्हणजे किनारी बांधकामांवर निर्बंध घालणारा नियम, लागू होतो; १,००० चौ.मी.पेक्षा मोठ्या कांदळवनाभोवती ५० मीटरचा पट्टा राखावा लागतो. राडारोडा खाडीत ओतायला तर कुणालाच मुभा नाही (रात्री डंपर कुठे जातात, हा वेगळा विषय). येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी प्लॉट असेल तर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवतालच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राचा नकाशाही तपासा.