प्रदर्शनातल्या आमच्या कॅम्पर व्हॅनबद्दल तुम्ही लिहिलंत, त्याला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. रविवारी संध्याकाळी तुम्ही आणि तुमचे मिस्टर आमच्या स्टॉलवर आलात, राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या आमच्या कॅम्पर गाडीत चढायला बराच वेळ थांबावं लागलं आणि आत उकडत होतं, याबद्दल मनापासून माफी मागतो. तिकीट काढून हौसेनं आलेल्या माणसाला असा त्रास व्हायला नको होता.

पण पुढे तुम्ही लिहिलंय की एसी चालवून दाखवला नाही, स्टॉलवरच्या मुलाला कशातलं काही कळत नाही, जे विचारावं त्याला तो 'नाही' म्हणतो, आणि दुसऱ्या स्टॉलवर मात्र एसी रात्रभर चालेल असं सांगितलं. एक स्टार. हे वाचून रात्री झोप लागली नाही. म्हणून सविस्तर लिहितोय, थोडं सहन करा.

त्या मुलानं औंधच्या आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा कोर्स केलाय. तुम्ही ज्या गाडीत बसलात तिची सगळी वायरिंग त्याच्या हातची आहे. बॅटरी, इन्व्हर्टर, छतावरचे सोलर पॅनल, पाण्याचा पंप, प्रत्येक फ्यूज. आम्ही विक्रीसाठी वेगळा माणूस ठेवत नाही. ज्यानं गाडी बांधली तोच स्टॉलवर उभा राहतो. त्याला गोड बोलता येत नसेल, हे मी मान्य करतो. पण तुमच्या मिस्टरांनी सीटखालचं बॅटरीचं झाकण स्वतःच उघडलं तेव्हा तो काही बोलला नाही, उलट मोबाइलचा टॉर्च धरून उभा राहिला. तुम्ही मागच्या बेडवर आडवं होऊन पाहत होतात, तेव्हा बाहेरच्या लोकांना त्यानंच हात जोडून थांबवलं. तुमच्या आधीचं कुटुंबही तसंच निवांत बसलं होतं, म्हणून तुम्हाला थांबावं लागलं. एका वेळी चारच जणांना आत सोडतो. घाई करून कुणाला खाली उतरवणं आम्हाला जमत नाही.

आता एसीचं. तुम्ही विचारलंत, 'रात्रभर चालेल का?' तो म्हणाला, 'नाही, बॅटरीवर चार तास, फार तर पाच.' ताई, हे उत्तर बरोबर आहे. हिशेब सांगतो, तुमच्या मिस्टरांना दाखवा, ते इंजिनिअर आहेत असं ते म्हणाले होते.

त्या गाडीत १२.८ व्होल्टची ४०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी आहे. गुणाकार केला की ५,१२० वॅट-अवर, म्हणजे आपल्या लाइट बिलातले साधारण पाच युनिट. बॅटरी तळापर्यंत रिकामी करायची नसते आणि इन्व्हर्टरमध्येही थोडं वाया जातं. हातात राहतात चार युनिट. त्यातून फ्रिज, पंखा, दिवे, पंप चालवायचे. उरलं ते एसीला. एक टनाचा एसी तापलेली गाडी थंड करताना तासाला युनिटभर खातो, गाडी थंड झाल्यावर त्याच्या निम्म्याच्या आसपास. तुम्हीच भागाकार करा. छतावरचे ६०० वॅटचे पॅनल चांगल्या उन्हात दिवसभरात अडीच-तीन युनिट देतात, पण रात्री ऊन नसतं. पावसाळ्यात कोकणात तर दिवसाही नसतं.

मग रात्रभर एसी अशक्य आहे का? अजिबात नाही, आणि हेही तो तुम्हाला सांगत होता. होमस्टे किंवा हॉटेलच्या आवारात गाडी लावून १५ अँपिअरच्या प्लगला जोडली की हवा तेवढा वेळ चालवा. फक्त वायर चार स्क्वेअर एमएमची हवी, घरातला पातळ एक्स्टेन्शन बोर्ड नको, तो वितळतो. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन, म्हणजे अशाच राहण्याच्या गाड्यांच्या पर्यटनाचं धोरण आणलं, त्यातल्या कॅराव्हॅन पार्कची कल्पनाही हीच आहे: जागा, पाणी आणि वीज मिळाली की या गाड्या खऱ्या सुखाच्या होतात. दुसरा मार्ग म्हणजे बॅटरी दुप्पट करायची. तीही बसवून देतो. पण वजन आणखी ४५-५० किलोनं वाढतं, खर्च वाढतो, आणि गाडीत १०० लिटर पाण्याचे १०० किलो आधीच असतात. नवरा-बायको दोघंच फिरणार, बहुतेक रात्री डोंगरात काढणार, असं तुम्ही म्हणालात. भंडारदऱ्याला किंवा स्पितीला एसी लागतच नाही. मे महिन्यात गुहागरला लागतो. ज्याला वर्षातल्या मोजक्या रात्रींसाठीच एसी हवाय, त्याला मोठी बॅटरी विकून मी पैसे मिळवले असते. त्या मुलानं ती घ्या असं सांगितलं नाही, यात त्याचं काय चुकलं?

दुसऱ्या स्टॉलवाल्यांना मी खोटं म्हणत नाही. त्यांच्या गाडीत जनरेटर असेल, मोठी बॅटरी असेल. मात्र कुणी 'इंजिन चालू ठेवून झोपा' म्हणालं असेल, तर कृपा करून तसं कधीही करू नका. इंजिनच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. बंद गाडीत तो साचला तर झोपलेल्या माणसाला जागच येत नाही. एवढी एक गोष्ट तुम्ही आमच्याकडून घेतलीत तरी मला समाधान वाटेल, गाडी कुणाकडूनही घ्या.

एसी चालवून का दाखवला नाही, तर हॉलच्या आत इंजिन आणि जनरेटर दोन्हींना बंदी असते. विजेचं कनेक्शन जितक्या किलोवॅटचं घ्याल तितके पैसे भरावे लागतात. आम्ही छोटे लोक आहोत, दिवे आणि पंख्यांपुरतंच घेतलं होतं. दुपारी बॅटरीवर एसी चालवला होता, सात वाजेपर्यंत ती उतरली. तुम्ही आलात तेव्हा तर दारही सतत उघडं होतं.

टॉयलेटला कुलूप होतं कारण प्रदर्शनात टाकीत पाणी भरलेलं नसतं. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

जुनी ट्रॅव्हलर मिनीबस आणून दिली तर तिची स्वस्तात कॅम्पर करून द्याल का, यालाही त्यानं 'नाही' म्हटलं, ते माझ्या सांगण्यावरून. गाडीत मनाने बदल करण्याविरुद्ध मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, मोटर कॅराव्हॅन कशी असावी यासाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. गाडीत सीट काढून बेड टाकले आणि आरसी बुकात मात्र तीच जुनी प्रवासी गाडी राहिली, तर अपघात झाल्यावर विम्यासाठी तुम्हालाच हेलपाटे घालावे लागतील. तसलं काम करणारे गॅरेजवाले भरपूर आहेत. आम्ही करत नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

आणि खरंच जातं, ताई. भोसरीतल्या आमच्या छोट्या शेडवर आठ घरं चालतात. वर्षभरात मोजक्याच गाड्या बाहेर पडतात, आणि एवढी मोठी रक्कम घालणारा माणूस आधी स्टार बघतो, मग फोन करतो. तुमचा रिव्ह्यू आला तेव्हापासून तो मुलगा गप्प आहे. 'दादा, मी हो म्हणायला पाहिजे होतं का?' एवढंच त्यानं विचारलं. मी नाही म्हटलं.

पुढच्या प्रदर्शनात कनेक्शन जास्त क्षमतेचं घेऊ, बाहेर थांबणाऱ्यांसाठी खुर्च्या आणि पाणी ठेवू, आणि एसी किती तास चालतो त्याचा बोर्ड दारातच लावू. बाकीचंही काय काय करता येईल ते बघतो आहोत.

हीच गाडी अजून शेडमध्ये उभी आहे. तुम्ही दोघं या, एसी लावून देतो, चार तास आत बसून स्वतः घड्याळ बघा. गुरुवारी आमची सुट्टी असते, बाकी दिवशी सकाळी दहानंतर कधीही. स्टार वाढवा असं मी म्हणणार नाही, तो तुमचा अधिकार आहे. फक्त त्या मुलाला काही कळत नाही, हे एक वाक्य काढता आलं तर काढा. त्याच्या घरचेही हे वाचतात.