भाडं घराचं की खाटेचं?

अमेरिकेत, इंडियाना राज्यातल्या वेस्ट लाफायेटला, पर्ड्यू विद्यापीठापाशी, बरं घर भाड्याने घेणं म्हणजे निव्वळ छळ! राहायला जायचं ऑगस्टमध्ये, पण करार आदल्या ऑक्टोबरातच करा. दहा महिन्यांनी मी कुठे असेन, हे आज कसं सांगू? आणि भाडं घराचं नाहीच, खाटेगणिक! आम्ही नवराबायको, दोन वर्षांची लेक. तिचीही खाट मोजणार का? आमचा जुना करार जुलैअखेर संपतो, नवा ऑगस्टच्या मध्यात सुरू होतो. मधले दोन आठवडे लेकराला घेऊन रस्त्यावर बसू? जिम आहे, पोहायचा तलाव आहे, ग्रॅनाइटचा ओटा आहे, पण भिंतीपलीकडची शिंक ऐकू येते! पार्किंगचे पैसे तर वेगळेच. अहो, तलाव नको, लेकीला रात्री झोप लागेल अशी भिंत द्या!