बंदूक जमा करायला जाताय? मग या सूचना वाचाच

निवडणूक जाहीर झाली की ज्यांच्या घरात शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक आहे अशा सर्व समाजकंटकांनी (म्हणजे तुम्ही आणि मी) पुढच्या सूचना नीट वाचाव्यात आणि गुमान पाळाव्यात. निवडणूक कुठली हे विचारू नये. लोकसभा होते, विधानसभा होते, नगरपालिका होते, झेडपी होते, मधेच कुठे पोटनिवडणूक उपटते, आणि दर वेळी लोकशाहीला पहिला धोका असतो तो तुमच्या माळ्यावरच्या बंदुकीचाच. बाकीचे धोके नंतर, वेळ मिळाला तर.

पहिली गोष्ट, मेसेज आला की हातातलं काम टाकून निघायचं. मेसेज गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो. 'सर्व परवानाधारकांनी उद्या ११ वाजेपर्यंत आपली शस्त्रे जमा करावीत अन्यथा गुन्हा दाखल करण्यात येईल.' खाली सही नाही, जावक क्रमांक नाही, कलम नाही, कुणी काढला त्याचा पत्ता नाही. पण शेवटी हात जोडलेला इमोजी आहे ना? मग तो शासकीय आदेशच समजावा. त्याच्या वर कुणाच्या तरी नातवाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि खाली पाण्याच्या टाकीचा निरोप असला तरी.

नोटीस मागू नये. मागणारा माणूस संशयास्पद असतो.

आता बंदूक ठाण्यावर न्यायची कशी, झाकून की उघडी, हा विषय जरा सविस्तर सांगायला हवा, कारण यात माझा ताजा अनुभव आहे. डॅलसला राहणारा माझा भाचा सांगतो की तिकडे टेक्सासमध्ये २०२१ पासून स्वच्छ रेकॉर्डच्या माणसाला परवान्याशिवाय सुद्धा कमरेच्या होल्स्टरमध्ये पिस्तूल उघडं लावून फिरता येतं, आणि तरी कुणीतरी घाबरून फोन करतं, पोलीस येतात, मग रस्त्यातच कायद्याची उजळणी सुरू. आपल्याकडे कायदा बरोब्बर उलटा आहे. शस्त्र नियम २०१६, त्यातला नियम ३२. सार्वजनिक ठिकाणी हत्यार न्यायचं तर ते पूर्ण झाकलेलं हवं आणि नेणाऱ्याच्या ताब्यात हवं, मिरवायचं नाही, परजायचं नाही. पिस्तूल असो की बंदूक. सरळ आहे ना? म्हणून मी आपला शहाण्यासारखा बंदुकीला मापाचं शिवून घेतलेलं कापडी कव्हर घातलं, परवान्याचं पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं, आणि शेजाऱ्याच्या रिक्षात बसलो. रिक्षात ती बंदूक उभी मावत नाही, आडवी धरली तर एक टोक बाहेर येतं, म्हणून तिरकी धरून.

नाक्यावर मांडव घातलेला. कॅमेरावाला, दोन होमगार्ड, एक तरुण हवालदार.

"ओ काका, काय आहे त्यात?"

"बंदूक."

झालं. चहाचे कप खाली. "बंदूक?? आणि लपवून नेताय?"

म्हटलं साहेब, लपवून नाही, झाकून. नियमच आहे तसा. तर म्हणे नियम आम्हाला शिकवू नका, आचारसंहिता लागलीय, काढा बाहेर. भर रस्त्यात! बाजूला बाजाराला चाललेल्या बायका, शाळेची पोरं, एसटीच्या खिडकीतून अर्धी बस बाहेर आलेली, आणि यांच्या आज्ञेवरून मी कव्हरची नाडी सोडतोय. म्हणजे जे मी केलं असतं तर नियम मोडला असता तेच ते मला करायला लावतायत, आणि त्याचं व्हिडीओ शूटिंग चालू! कॅमेरावाला म्हणतो, काका जरा इकडे तोंड करा. बरं उघडी केल्यावर तरी समाधान व्हावं ना. नाही. मागून दुसरे एक साहेब आले, दोन स्टारवाले, ते लांबूनच ओरडले, "ए, उघड्यावर बंदूक घेऊन कोण उभा आहे तो!"

मी परवाना दाखवला. तो त्यांनी उलटा धरून वाचला. म्हणाले यावर बंदूक बाळगायची परवानगी आहे, न्यायची कुठेय? आता ठाण्यात जमा करायला बोलावलंय तुम्हीच, ती न नेता जमा कशी करायची, पोस्टाने? विचारलं कोणत्या कलमाखाली अडवताय. एकशेचव्वेचाळीस. म्हटलं साहेब, ते १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १६३ झालंय. त्यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ना, ती नजर बघून मी रिक्षावाल्याला म्हटलं बाबा तुला भाड्याला जायचं असेल तर जा, आपलं आज काही खरं नाही.

आणि सगळ्यात कहर सांगू? या सगळ्या वेळात माझ्या कमरेला मागे आकडी होती आणि आकडीत हातभर कोयता. सकाळी झावळ्या तोडायला गेलो होतो, तसाच निघालो. धार अशी की नारळ एका घावात. तिच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. अर्थात बरोबरच आहे त्यांचं, निव्वळ शेतीच्या अवजाराला शस्त्र कायदा शस्त्र मानतच नाही. पण कायद्यातलं तेवढं एकच वाक्य सगळ्यांना पाठ कसं?

तेव्हा सूचना अशी, की बंदूक कव्हरात घालावी, पण कव्हर पारदर्शक असावं.

ठाण्यात गेल्यावर घाई करू नये. ठाणे अंमलदार बंदोबस्तात असतात, मुद्देमाल कारकून कोर्टात असतो, आणि दोघंही असले तर रजिस्टर साहेबांच्या कपाटात आणि चावी साहेबांच्या खिशात.

पोचपावती मिळाली तर आनंद मानावा. वहीच्या मागच्या पानावर 'बंदूक १ नग' असं लिहून दिलं तरी ती पावतीच असते. त्यावर बंदुकीचा नंबर टाका असा हट्ट धरू नये, गर्दी बघा किती आहे मागे.

काही लोक विचारतात की बंदूक ठाण्यात सुरक्षित राहील ना. हा काय प्रश्न झाला? पोलीस ठाण्याइतकी सुरक्षित जागा दुसरी कुठली! फेब्रुवारी २०२४ मध्ये उल्हासनगरच्या हिललाईन पोलीस ठाण्यात, थेट वरिष्ठ निरीक्षकांच्या केबिनमध्ये, एका आमदारांच्या पिस्तुलातून गोळ्या सुटलेल्या अख्ख्या महाराष्ट्रानं सीसीटीव्हीत बघितल्या. तिथे कुणाला कव्हर काढायला सांगितलं होतं का, कल्पना नाही. ते असो. आपली बंदूक जाते मुद्देमालाच्या खोलीत, पकडलेल्या गोवा दारूच्या खोक्यांच्या आणि गंजक्या मोटरसायकलींच्या सोबतीला, भिंतीला टेकून. भिंतीला ओल. परत मिळते तेव्हा नळीवर तांबूस साय धरलेली असते, घोडा ओढला तर कुरकुरतो, आणि दस्त्याला सुतळीनं बांधलेली चिठ्ठी उंदरानं खाल्लेली. खोबरेल लावा, होईल ठीक, असा सल्लाही फुकट मिळतो.

शेताची चिंता करू नये. लोकसभा लागते एप्रिल-मेमध्ये, म्हणजे हापूस तयार, काजूच्या बिया खाली पडलेल्या. विधानसभा लागली नोव्हेंबरात, म्हणजे भात कापून उडव्या रचायचे दिवस. वांदरांचा कळप सकाळी सात वाजता बागेत उतरतो, एक आंबा पूर्ण खात नाही, एक चावा घेऊन फेकतो, दुसरा तोडतो. रात्री डुकरं येतात आणि आता तर गवेही. त्यांना मारायचं नसतंच हो, मारलं तर वन्यजीव कायदा आहे १९७२चा, आणि तो बरा सगळ्यांना माहीत असतो. हवेत एक बार काढायचा, आवाजानं कळप हलतो, दोन दिवस फिरकत नाही, एवढाच तिचा उपयोग. ती नसेल तर वनखात्याकडे जावं. मी गेलो होतो. तिथल्या बाईंनी अर्ज घेतला आणि आपुलकीनं विचारलं, "काका, तुमच्याकडे परवान्याची बंदूक आहे ना? मग बार काढा की!"

फटाके लावून बघा म्हणतात. वांदरं आता फटाके एन्जॉय करतात.

ज्यांनी ठासणीची बंदूक कधी पाहिली नाही त्यांच्यासाठी (यात तिला जप्त करणारे बरेच आले) सांगतो, ती भरायची कशी. आधी नळीत वरून दारू ओतायची, मोजून. मग काथ्याचा बोळा. मग लांब गजानं ठासायचं. मग छर्रे, मग परत बोळा, परत गज. मग घोड्याखाली केप, म्हणजे ठिणगी पाडणारी छोटी टोपी, बसवायची. केप दमट असली तर नुसतं टिक्. एक बार झाला की पुन्हा सगळं पहिल्यापासून, आणि हे सगळं उभं राहून, कारण नळी छातीपर्यंत येते. ही घेऊन मी मतदान केंद्र ताब्यात घेणार! माझा दुसरा बार भरून होईतो लोक मत देऊन, बोटाची शाई वाळवून, घरी जाऊन जेवून झोपलेले असतील. म्हणूनच तर शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये पिकाच्या रक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्याला परवाना द्यावा असं वेगळं लिहिलंय. संसदेला १९५९ साली कळलं होतं की हिच्यापासून राज्याला धोका नाही. आता आमच्या तालुक्याला कळायचं बाकी आहे.

कर्नाटकातल्या कोडगूच्या कोडवा लोकांशी स्वतःची तुलना करू नये. त्यांना जिल्ह्यात परवान्याशिवाय बंदूक ठेवायची सूट आहे, २०२९पर्यंत. आपलं नशीब एवढं कुठे.

हायकोर्टाचं नाव तर ठाण्यात अजिबात काढू नये. २००९ साली गोव्यातल्या एका परवानाधारकाच्या याचिकेवर मुंबई हायकोर्टाच्या पणजी खंडपीठानं सांगितलं की निवडणूक आली म्हणून सरसकट सगळ्यांची शस्त्रं गोळा करता येणार नाहीत. त्यानंतर निवडणूक आयोगाच्या सूचनाही आल्या. प्रत्येक जिल्ह्यात छाननी समिती, तिच्यात कलेक्टर आणि एसपी. त्यांनी एकेक परवाना बघायचा. कोण जामिनावर सुटलाय, कोणावर गुन्हे आहेत, कोण आधी दंगलीत होता, खास करून निवडणुकीच्या दंगलीत. अशांनाच, ज्याच्या त्याच्या नावानं नोटीस द्यायची, जमा केल्यावर रीतसर पावती द्यायची, निकालानंतर आठवड्यानं हत्यार परत करायचं. हे मी झेरॉक्स काढून नेलं होतं. साहेब म्हणाले, ते गोव्याचं आहे, हा महाराष्ट्र आहे.

गोव्याचं आहे म्हणे! अहो, हायकोर्ट तेच आहे, मुंबईचं! आणि निवडणूक आयोग काय गोव्याचा वेगळा आहे? तुमच्या खात्यात कायद्याची परीक्षा होते की नाही? ज्या कागदावर तुमच्याच एसपीला समितीत बसवलंय तो कागद तुम्ही एकदाही वाचलेला नाही, तुमच्या वरच्यानं वाचलेला नाही, आणि वाचायला दिला तर तुम्ही तो चहाच्या कपाखाली ठेवता. मी बघितलं ते, गोल डाग पडलेला माझ्या झेरॉक्सवर.

आणि मला खरं कारण माहितेय. छाननी करायची म्हणजे काम. शे-दोनशे फायली काढायच्या, रेकॉर्ड बघायचं, कोण कुठल्या पुढाऱ्याचा माणूस आहे ते बघून मग त्याच्या दारात नोटीस घेऊन जायची हिंमत करायची. त्यापेक्षा ग्रुपवर एक मेसेज टाकला की शेतकरी स्वतःच्या खर्चानं, स्वतःच्या पायांनी, रांगेत येऊन हत्यार देतो. संध्याकाळी वर रिपोर्ट जातो, शंभर टक्के शस्त्रं जमा, शाब्बास. ज्यांच्याकडे परवानाच नाही त्यांचे कट्टे कुठे जमा झाले हो? त्यांना मेसेज गेला होता का? त्यांच्या रिक्षा अडवल्या का नाक्यावर? पिढ्यानपिढ्या ज्याच्या घरात बंदूक आहे, ज्याच्यावर साधा अदखलपात्र गुन्हा नाही, तुम्हीच ज्याची चौकशी करून चांगल्या वर्तणुकीचा शेरा मारता, त्याला भर रस्त्यात उभा करून शूटिंग करता, लाज नाही वाटत? वाटायला पाहिजे. आणि 'वरून आदेश आहे' म्हणून हात झटकू नका. असेल तर दाखवा. कागद असतो ना आदेशाला?

पुढच्या वेळी ग्रुपवर मेसेज टाकू नका. नोटीस आणा, माझ्या नावाची, कलेक्टरच्या सहीची, आत कारण लिहिलेली. दारात आणून द्या, चहा पाजतो, सही करतो, बंदूक स्वतः आणून देतो. आणि नोटीस नसेल तर बंदूक इथेच राहील, काजूच्या बागेत, कव्हरमध्ये. काय गुन्हा दाखल करायचाय तो करा, कलम मात्र आधी बघून या.