बॅडमिंटनचा क्लास आहे, मग मैदान कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मुलगी नऊ वर्षांची, आठवड्यातून तीन दिवस तासभर इनडोअर बॅडमिंटनला जाते, हाडांना तेवढा व्यायाम पुरतो, ऊन बाल्कनीत मिळतं, मग ‘मैदानावर सोडा’ हा माझा आग्रह म्हणजे जुन्या दिवसांचा उमाळा. शिवाय सोसायटीत खाली सगळे पेव्हर ब्लॉक, पडली तर हात मोडायचा, आणि हवेबद्दल तर बोलायलाच नको.

हाडांपुरतं तुमचं बरोबर आहे. पोहण्यात किंवा सायकल चालवण्यात हाडाला दणका बसत नाही. बॅडमिंटनच्या उडीत बसतो, आणि हाड भरतं ते त्या दणक्यानेच. फक्त हाडातल्या पेशी सलग दणक्यांना थोड्या वेळाने दाद देईनाशा होतात, मध्ये काही तास गेले की पुन्हा देतात. म्हणून क्लास नसेल त्या दिवशीही पंधरा मिनिटं लंगडी किंवा दोरीच्या उड्या हव्यातच. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाला रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते. क्लासमध्ये एका कोर्टावर आठ मुलं असतील, तर त्या तासात किती वेळ पाळीची वाट बघण्यात जातो, हे एकदा घड्याळ लावून बघाच.

खरा फरक उजेडाचा आहे. हॉलमध्ये दिवे कितीही लख्ख वाटले तरी प्रकाश काहीशे लक्सच (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) असतो. बाहेर दिवसा झाडाच्या सावलीतसुद्धा तो हजारांत मोजावा लागतो, आणि भर उन्हात लाखाच्या घरात जातो. आपल्या डोळ्याला हा फरक जाणवत नाही, कारण बाहुली लगेच जुळवून घेते. तेजस्वी उजेडात दृष्टिपटलात डोपामिन हे रसायन जास्त सुटतं आणि ते नेत्रगोलाची लांबी वाढण्याला आवर घालतं, असं मानलं जातं. गोल लांबला की लांबचं धूसर दिसतं, म्हणजे मायनस नंबर. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेतच रोज ४० मिनिटं जादा बाहेर काढलं. तीन वर्षांनी नव्याने नंबर लागलेल्या मुलांचं प्रमाण त्यांच्यात ३०.४ टक्के होतं, बाकीच्यांत ३९.५ टक्के. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. मात्र एकदा नंबर लागल्यावर तो वाढू न देण्यात उजेडाचा उपयोग बराच कमी दिसतो, तेव्हा चष्मा लागायची वाट बघू नका. आणि हो, साडेसातला हॅलोजनखाली खेळणं या हिशेबात धरू नका. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. साडेचारला खाली पाठवा, गृहपाठ नंतर.

ड जीवनसत्त्वासाठी मात्र संध्याकाळच्या खेळावर विसंबू नका, ते ऊन तिरपं असतं. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाच ते नीट तयार होतं, म्हणजे साधारण ११ ते ३. बाल्कनीला सरकत्या काचा असतील तर त्या बंद काचेमागचं ऊन या कामाचं नाही. त्यासाठी लागणारे यूव्हीबी, म्हणजे उन्हातले एक प्रकारचे अतिनील किरण, काच अडवते. रक्ततपासणीत कमतरता निघाली असेल तर डोस बालरोगतज्ज्ञांनी ठरवायचा.

आता पेव्हर ब्लॉक. मूल पडताना हात ताठ पुढे टाकतं आणि मोडतं ते बहुधा मनगटाजवळ. बूट घालून पकडापकडी खेळायला ब्लॉक चालतात. पावसाळ्यात शेवाळ धरलेले मात्र नाहीत. घसरगुंडी, झोपाळा यांच्याखाली ते मुळीच नकोत. चार फुटांवरून पडणं झेलायला नऊ इंच सैल वाळू लागते. बऱ्याच सोसायट्या दोन इंच पसरून मोकळ्या होतात, ती निव्वळ शोभा. वाळू पावसाने दबून घट्ट होते, त्यामुळे ती दर आठवड्याला दाताळ्याने उकरावी लागते. हे कमिटीच्या बैठकीत लेखी मांडा, तोंडी सांगितलेलं विरून जातं.

हवेचं म्हणाल तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ अ‍ॅपवर तुमच्या जवळच्या केंद्राचा हवेच्या गुणवत्तेचा आकडा (एक्यूआय) बघा, तो जितका जास्त तितकी हवा वाईट. २००च्या वर असेल तर त्या दिवशी पळापळ नको. हिवाळ्यात पहाटे थंड हवा धूर खाली दाबून धरते, दुपारनंतर तो वर पांगतो. म्हणून ‘सकाळची शुद्ध हवा’ म्हणून सहाला मुलांना पळवण्यापेक्षा चारची वेळ बरी. मे महिन्यात हीच वेळ साडेपाचवर न्या आणि दर वीस मिनिटांनी अर्धा ते एक पेला पाणी प्यायला लावा, तहान लागो न लागो.