सदर म्हातारा

'पालकांची भाषा. व्याकरण कच्चे.' ही दोन वाक्ये माझ्या मुलाच्या वहीत लाल शाईने उमटली त्याला आज तीन दिवस झाले, आणि 26 वर्षे सरकारी कचेरीत इंग्रजी पत्रांचे मसुदे लिहिणाऱ्या माणसाला ती अजून पचलेली नाहीत. पहिले वाक्य मला मान्य आहे, कारण ती भाषा खरोखरच पालकांची होती. दुसऱ्याबद्दल मात्र माझी तक्रार आहे. मुलाच्या नावे मीच लिहिलेल्या पुस्तक-परीक्षणात मी 'द सेड ओल्ड मॅन', म्हणजे सदर म्हातारा, असा निर्दोष कार्यालयीन प्रयोग केला होता. टीचरनी त्यातील 'सेड' खोडून वर 'सॅड' लिहिले. माझ्या सदर म्हाताऱ्याला त्यांनी दुःखी करून टाकले, आणि कच्चे ठरले ते माझे व्याकरण!

गोव्यात 2025 सालापासून वरच्या वर्गांचे शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्येच सुरू होऊ लागल्यामुळे आमचे चिरंजीव दहावीच्या बाकावर तीन आठवडे घाम गाळून मगच मे महिन्याच्या सुट्टीत मोकळे झाले, आणि सुटता सुटता त्यांच्या हातात सुट्टीतील वाचनाचा कागद पडला. एक इंग्रजी कादंबरी वाचावी, रोजची पाने आणि नवे शब्द तक्त्यात भरावेत, पाचशे शब्दांत परीक्षण लिहावे, आणि घराबाहेरच्या एका प्रौढ व्यक्तीला कथा सांगून तिचे मत नोंदवावे, असा एकंदर हुकूम होता. यादीतील सर्वांत बारीक पुस्तक कोणते याचा शोध मुलाने दोन मिनिटांत लावला. ते निघाले हेमिंग्वेचे 'द ओल्ड मॅन अँड द सी'. ते आणण्यासाठी फोंड्याहून बस पकडून पणजीला, पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात, कोण गेले हे सांगायला नको. ग्रंथालय 1832 सालचे आहे. इतक्या वर्षांत मुलांची पुस्तके न्यायला आलेले किती बाप त्याने पाहिले असतील, असा विचार परतीच्या बसमध्ये उभ्याने येताना माझ्या मनात आला. पुढे पुस्तक मी वाचले आणि तक्ता त्याने भरला. 'आज काय वाटले?' या रकान्यात त्याने सलग नऊ दिवस 'छान वाटले' असे लिहिले, तेही मला न विचारता.

प्रौढ व्यक्तीचे मत तेवढे उरले होते. मेचा शेवटचा रविवार होता, आणि आम्ही बापलेक पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीची, सुकी मासळी घ्यायला फोंड्याच्या बाजारात गेलो होतो. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत ट्रॉलरना समुद्रात जायला बंदी असते, तेव्हा खारे बांगडे आणि सुकी सुंगटे, म्हणजे कोळंबी, आधीच घरात पडलेली बरी. जिच्याकडून मी बारा वर्षे मासळी घेतो आणि जिने बारा वर्षांत एकदाही मला माझ्या पसंतीचा बांगडा निवडू दिलेला नाही, तिच्यासमोर मुलाने वही उघडली आणि कथा सांगायला सुरुवात केली.

"क्युबा देशात एक म्हातारा कोळी होता. त्याला 84 दिवस एकही मासा मिळाला नाही."

"कितें सांगता, पात्रांव?" तिने कोयता खाली ठेवला, पण प्रश्न विचारला तो मला, जणू मासा न मिळण्यास मी जबाबदार होतो. तिचे पुढचे बोलणे मी मराठीत देतो, कारण मूळ कोकणीतील काही शब्द वहीतही गेले नाहीत आणि येथेही जाणार नाहीत. "आमची बंदी 61 दिवसांची, तर आम्ही सरकारच्या नावाने बोंब मारतो. हा 23 दिवस वर बसला? कोण हा? कुटबणचा की बेतूलचा?"

"क्युबाचा," मुलगा म्हणाला.

"मग असेल."

पहिले चाळीस दिवस एक पोरगा म्हाताऱ्याबरोबर होता, मग त्याच्या आईबापांनी त्याला दुसऱ्या होडीवर धाडले आणि त्या होडीला पहिल्याच आठवड्यात तीन चांगले मासे मिळाले, हे ऐकून तिने आईबापांना पूर्ण गुण दिले. एवढ्यात मागे गिऱ्हाइके जमू लागली होती. एका बाईंनी इसवणाचा, म्हणजे सुरमईचा, भाव तीनदा विचारला. त्यांना "थांबा गे, म्हातारा समुद्रात आहे," असे उत्तर मिळाले. म्हातारा एकटाच दूर गेला, होडीहून दोन फूट लांब, अठरा फुटी मासा गळाला लागला, तो होडीला बाहेरून बांधून आणताना शार्कनी, म्हणजे मोऱ्यांनी, खाऊन टाकला आणि किनाऱ्यावर सांगाडा तेवढा आला, हे मुलाने एका दमात सांगितले. त्यानंतर उलटतपासणी सुरू झाली.

"बांधला? कापून तुकडे होडीत का नाही घातले?"

मुलाने माझ्याकडे पाहिले. मी पुस्तक दोनदा वाचले होते. मीही गप्प राहिलो.

"आणि इतके दिवस खाल्ले काय?"

"कच्चा मासा. मीठ आणि लिंबू नेले नव्हते, याचा त्याला पश्चात्ताप होतो."

"होडीत मीठ नाही?" हे तिने शेजारणीला सांगितले, शेजारणीने पलीकडच्या रांगेत कळवले, आणि नोबेल मिळालेल्या लेखकाच्या नायकाची अब्रू पाच मिनिटांत आख्ख्या मासळी बाजारात गेली. "मोऱ्या मारल्या त्याने?"

"मारल्या. बुडाल्या."

ही गोष्ट तिला सर्वांत जास्त लागली. "मासाही गेला आणि मोरीही बुडवली! अरे, त्या मोरीचे आंबोटीक कालवण सगळ्या वाड्याला पुरले असते. लिही, बाबू: तो म्हातारो पिसो." मुलाने ते, म्हणजे म्हातारा वेडा आहे हे, जसेच्या तसे इंग्रजीत उतरवले. शेवटी एक प्रवासी बाई तो सांगाडा शार्कचाच समजते, हे मी आपले ज्ञान दाखवायला पुढे केले, तर मासळीवाली म्हणाली की टुरिस्टांना कुठे काय कळते, आणि बांगड्यांचे वीस रुपये जास्त लावले.

शाळा सुरू झाल्यावर वही परत आली. मासळीवालीच्या मतापुढे टीचरनी 'स्वतंत्र विचार, उत्तम' असे लिहून हसरा चेहरा काढला होता. माणसाच्या अजिंक्य वृत्तीवरील माझ्या दोन परिच्छेदांपुढे काय लिहिले होते ते वर सांगितलेच आहे. मला त्या बाईचा मत्सर वाटत नाही, असे मी घरात तीनदा म्हणालो. चौथीपर्यंत मराठीत शिकलेला मुलगा पाचवीत एका जूनमध्ये इंग्रजी माध्यमाचा होतो, हे आमच्याकडे इतके नित्याचे झाले आहे की त्याच्यामागे सगळे घर शिकायला बसते, याचे कोणाला काही वाटत नाही. सुट्टी मुलाची, पुस्तक बापाचे, आणि सुट्टीत एखादे मराठी पुस्तक वाचून या, असे सांगणारा कागद मात्र या पाच वर्षांत एकदाही घरी आलेला नाही. टीचरना तरी किती दोष द्यावा? चाळीस वह्यांतून चाळीस बापांचे इंग्रजी त्यांना वाचावे लागले असेल.

त्या शेऱ्याखाली 'पालकांची सही' अशी एक ओळ आखलेली होती. माझे व्याकरण कच्चे आहे, हे मी वाचले आणि मला समजले, याची ती पोच होती. मी देवनागरीत सही केली. मुलाने वही उचलून पाहिली आणि म्हणाला, "पप्पा, डायरीत सही इंग्रजीत आहे. दोन वेगवेगळ्या सह्या चालत नाहीत."

मी ती खोडली आणि बाजूला दुसरी केली. आता खाडाखोडीबद्दल वेगळा शेरा येईल.