अर्धलीची पिल्लं

आमची तांबडी कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला हटून बसली, ती जिन्याखालच्या कांद्याच्या पाटीत. पोह्यांना कांदा काढायला मी अंधारात हात घातला आणि मनगटावर चोच बसली. बाई पिसं फुलवून दोन कांद्यांवर बसल्या होत्या.

तिला उठवायचे दोन दिवस सगळे गावठी उपाय झाले. गार पाण्यात बुडवून काढली, आईने तिचंच एक पीस तिच्या नाकात ओवलं. तशा अवतारात, ओल्या अंगाने, ती परत कांद्यांवर. शेवटी आईच म्हणाली, "बसू दे. अंडी आण."

मी दुकानातून डझनभर आणली. पांढरीशुभ्र, एकसारखी. आईने आधी अंड्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "शिकलास ना रे तू? यांना बाप नको का?"

पोल्ट्रीत अंड्यावरच्या कोंबड्यांत कोंबडा ठेवत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं. आमचा कोंबडा पाहुण्यांच्या रश्श्यात गेलेला. त्या डझनाची भुर्जी झाली आणि शेजारच्या मावशींनी 11 अंडी दिली, अर्धलीने. म्हणजे अंडी त्यांची, कोंबडी आमची, पिल्लं निम्मी. माझ्या कष्टांचा हिशेब या करारात कुठेच नव्हता.

दिवेलागणीला अंडी खाली सरकवली. मागाहून दुसऱ्या कोंबडीने येऊन घातलेलं ओळखू यावं म्हणून प्रत्येकावर पेन्सिलीने फुली. मावशींनी विजेच्या कडकडाटाने नासू नयेत म्हणून एक गंजका खिळा आणि कोळसा ठेवला. मी नेटवर वाचून 37.5 अंशांची काळजी करत बसलो. तांबडीने काहीच वाचलेलं नव्हतं. ती चोचीने अंडी उलटीपालटी करत निवांत बसली.

दिवसातून एकदाच उठायची, तेही माझ्या ऑफिसच्या वेळेला. दाणे, पाणी, धुळीत लोळण, आणि दिवसभराची साठवलेली एकच शीट! तिचा आकार आणि वास एका कोंबडीला शोभणारा नव्हता. तेवढी पंधरा मिनिटं पाटीपाशी पहारा मी द्यायचा. ऑफिसात उशिराचं कारण काय सांगणार? एकदा खरं सांगितलं. तेव्हापासून रोज "किती दिवस राहिले?" अशी चौकशी.

सातव्या रात्री मोबाइलच्या टॉर्चवर अंडी धरली. नऊमध्ये लाल शिरांचं जाळं आणि मध्ये काळा ठिपका, कोळ्यासारखा. दोन नुसतीच आरपार. ती आईने काढून टाकली. तांबडी मला चावत होती आणि बघता बघता मीही श्वास रोखून धरला होता, हे कबूल करतो.

21व्या दिवशी नऊच्या नऊ फुटली. मी धावत तांदळाची कणी घेऊन आलो. "आज नको," आई म्हणाली, "पोटात बलक घेऊनच येतात ती."

सहाव्या दिवशी लासोटा, म्हणजे राणीखेत रोगाची लस. बाटली शंभर पिल्लांची, पिल्लं नऊ. एकदा कालवली की ती लस लगेच संपवायची, म्हणून गल्लीतल्या बायका ओच्यातून, डालग्यातून पिल्लं घेऊन आल्या. एकेकाच्या डोळ्यात एकेक थेंब. संध्याकाळपर्यंत मला सगळे 'डॉक्टर' म्हणायला लागले आणि कोणीही चहा दिला नाही.

मग वाटणी. नवाचे निम्मे किती, यावर अर्धा तास गेला. अंडी आपली म्हणून मावशींनी पाच घेतली. पण आईपासून आत्ताच तोडायची नाहीत, म्हणून त्यांच्या पाचांच्या डोक्यावर गुलाबी रंग लावून दिला. राहणं, खाणं माझ्याकडेच.

परवा दुपारी घार आली. तांबडीने हाक दिली, आठ पिल्लं पंखाखाली शिरली, एक राहिलं. गेलेलं गुलाबी होतं, मी स्वतः बघितलं. मावशी बातमी ऐकून काही बोलल्या नाहीत, नुसतं "बरं" म्हणाल्या.

आज सकाळी खुराडं उघडून मोजली. पिल्लं आठ. गुलाबी पाच. त्यातल्या एकाच्या डोक्यावरचा रंग माझ्या बोटाला लागला.